फोनचा पंचनामा

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सहाव्या कलमाखाली एक उदाहरण दिलेले आहे. एक बाई घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला मिळवून देणारे अ‍ॅप फोनवर घेते. ते अ‍ॅप तिच्याकडे दोन गोष्टींची संमती मागते, एक सल्ल्यासाठी लागणारी तिची माहिती वापरण्याची आणि दुसरी तिच्या फोनमधली संपर्कयादी पाहण्याची. ती दोन्हींना होकार देते. कायदा म्हणतो की सल्ला देण्यासाठी संपर्कयादीची गरज नाही, तेव्हा तिचा होकार पहिल्या गोष्टीपुरताच धरला जाईल. इतके स्पष्ट आणि सामान्य माणसाच्या बाजूने उभे राहणारे उदाहरण आपल्या कायद्यांत क्वचितच आढळते, म्हणून ते मला आवडले. पण वाचून झाल्यावर एक साधी शंका उरते. त्या अ‍ॅपने यादी खरोखरच वाचली का, वाचून ती कुठल्या सर्व्हरकडे पाठवली, तिथून ती आणखी कुणाच्या हाती गेली, यातले काहीही त्या बाईला फोनच्या पडद्यावर दिसत नाही. ज्या उल्लंघनाचा पत्ताच लागत नाही त्याची तक्रार ती करणार कशी?

हे पाहण्याची सोय आज ज्यांच्याकडे आहे ती मुक्तस्रोत, म्हणजे ओपन सोर्स, साधने होत. ज्यांचा कोड कुणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि पुन्हा वाटता येतो, अशी ही साधने आहेत. त्यांच्याविषयी जे लिहिले जाते ते बहुधा 'ही पाच अ‍ॅप वापरा आणि निश्चिंत राहा' या छापाचे असते, आणि त्यात त्यांच्याकडे ढाल म्हणून पाहिलेले असते. माझे म्हणणे असे आहे की ढाल म्हणून ही साधने बऱ्यापैकी दुबळी आहेत, आणि कोट्यवधी फोनधारकांच्या देशात ती दुबळीच राहणार. पंच म्हणून मात्र त्यांना पर्याय नाही. घटनास्थळी पोलिसांबरोबर दोन त्रयस्थ माणसे उभी राहतात, जे समोर दिसते ते कागदावर उतरवले जाते, आणि ती दोघे खाली सह्या करतात. फोनच्या आत घडणाऱ्या व्यवहाराचा असा पंचनामा दुसरे कुणी करत नाही. सार्वजनिक धोरणात या साधनांना जागा द्यायची असेल तर ती या कामासाठी द्यायला हवी.

माझ्या आईच्या फोनवर तिथी-वार पाहण्यासाठी घेतलेले एक फुकटचे पंचांग आहे. संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ ते बरोबर दाखवते, एकादशी चुकवत नाही. त्याबद्दल आईची काहीच तक्रार नाही. काही महिन्यांपूर्वी तिच्या फोनवर मी 'रीथिंक' नावाचे मुक्तस्रोत साधन चढवले, जे भारतातल्याच मोजक्या विकासकांनी बनवलेले आहे. फोनमधले कोणते अ‍ॅप कोणत्या पत्त्याशी कधी बोलले याची नोंद हे साधन फोनमध्येच ठेवते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नोंदवही उघडली, तर रात्री आई झोपलेली असताना पंचांग जाहिरात-कंपन्यांच्या आणि विश्लेषण-कंपन्यांच्या पत्त्यांशी पुन्हा पुन्हा संपर्क साधत होते. मी त्या अ‍ॅपची इंटरनेटची वाट बंद केली. तिथी पुढेही बरोबर दिसत राहिली, तेव्हा इंटरनेटचा आणि पंचांगाचा संबंध किती हे आपोआप स्पष्ट झाले. अ‍ॅपच्या गोपनीयता धोरणात 'सेवेचा दर्जा सुधारण्यासाठी विश्वासू भागीदारांना' माहिती देण्याबद्दल एक गुळगुळीत वाक्य होते, आणि ते मी आधी वाचलेही होते. त्या वाक्यातून जे कळले नव्हते ते नोंदवहीच्या एका पानाने सांगितले.

या प्रकारची साधने बरीच आहेत आणि त्यांची यादी करण्यात मला रस नाही, पण त्यांच्या पद्धतींतला फरक सांगायला हवा. फ्रान्समधल्या स्वयंसेवकांची 'एक्झोडस प्रायव्हसी' ही संस्था २०१७ पासून अँड्रॉइड अ‍ॅप उघडून त्यांच्या कोडमध्ये माहितीतल्या ट्रॅकरांच्या, म्हणजे वापरणाऱ्याचा माग काढणाऱ्या तुकड्यांच्या, खुणा शोधते आणि अहवाल सर्वांसाठी ठेवते. कोडमध्ये ट्रॅकर आहे म्हणजे तो चालतोच असे यातून सिद्ध होत नाही. ते पाहण्यासाठी अ‍ॅप चालू असताना त्याची वाहतूक तपासावी लागते, आणि ते काम 'ट्रॅकरकंट्रोल' किंवा वर सांगितलेले रीथिंक करते. ब्राउझरमध्ये रेमंड हिल यांचे 'यूब्लॉक ओरिजिन' हेच काम संकेतस्थळांबाबत करते आणि नको ती विनंती जागीच अडवते. हिल त्यासाठी देणग्याही घेत नाहीत. या साऱ्यांत समान सूत्र असे की त्यांचे निष्कर्ष कुणालाही पुन्हा तपासून पाहता येतात, कारण मोजपट्टी स्वतःच उघडी आहे. बंद कोडच्या साधनाने दुसऱ्या बंद कोडच्या अ‍ॅपवर ठपका ठेवला तर तो एका कंपनीचा दुसरीवरचा शब्द ठरतो.

पंचाच्या साक्षीने काय होऊ शकते याचे ठळक उदाहरण २०२५ च्या जूनमधले आहे. स्पेनमधली आयएमडीईए नेटवर्क्स ही संशोधनसंस्था आणि नेदरलँड्समधले रॅडबाउड विद्यापीठ यांच्याशी संबंधित संशोधकांनी दाखवून दिले की अँड्रॉइड फोनवरची फेसबुक आणि इन्स्टाग्राम ही अ‍ॅप फोनच्या आतल्याच काही पोर्टवर, म्हणजे संवादाच्या अंतर्गत दारांवर, कान लावून बसली होती. मेटा कंपनीचा 'पिक्सेल' हा कोड असलेले एखादे संकेतस्थळ ब्राउझरमध्ये उघडले, की तो कोड ब्राउझरमधली ओळख त्या पोर्टवर हळूच कळवत असे. आणि अ‍ॅपमध्ये तर वापरणाऱ्याचे खऱ्या नावाचे खाते उघडलेलेच असे. त्यामुळे कुकी पुसून टाकल्या काय आणि खासगी खिडकीतून संकेतस्थळ पाहिले काय, निनावी वाटणारी भेट नावावर जमा होत होती. रशियाची यांडेक्स ही कंपनी असाच प्रकार २०१७ पासून करत असल्याचे त्याच संशोधनात निघाले. ब्रेव्ह हा मुक्तस्रोत ब्राउझर वापरणारे मोजके लोक यातून वाचले, कारण फोनच्या आतला असा संवाद तो आधीपासून अडवत होता. बाकी कोट्यवधींना कोणत्याही ढालीने वाचवले नाही. पण संशोधन जाहीर झाले त्याच दिवशी मेटाचा तो कोड पोर्टकडे माहिती पाठवायचा थांबला, आणि त्याचा फायदा ज्यांनी ब्रेव्हचे नावही ऐकलेले नाही अशा सर्वांना झाला.

ढालीचा दुबळेपणा पाहायचा असेल तर कर्ज देणाऱ्या अ‍ॅपांची गोष्ट आठवावी. टाळेबंदीच्या काळात आणि नंतरही पाच-दहा हजारांचे कर्ज काही मिनिटांत देणारी अ‍ॅप देशभर पसरली. हप्ता चुकला की ती वसुलीसाठी कर्जदाराच्या संपर्कयादीतल्या सासऱ्यापासून कार्यालयातल्या साहेबापर्यंत सर्वांना फोन करत, त्याची विकृत छायाचित्रे पाठवत. काही माणसांनी त्या छळापायी जीव दिला. या अ‍ॅपांनी संपर्कयादीची परवानगी चोरून घेतली नव्हती. पडद्यावर चौकट आली होती आणि पैशांची निकड असलेल्या माणसाने 'अलाउ' दाबले होते. 'शेल्टर'सारख्या मुक्तस्रोत साधनाने फोनमध्ये वेगळा कप्पा करून तिथे रिकामी संपर्कयादी ठेवता येते, हे त्याही वेळी शक्य होते. पण मुलाच्या दवाखान्याच्या बिलासाठी रात्री अकरा वाजता कर्ज शोधणाऱ्या माणसाला हे कुणी सांगायचे? शेवटी रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी कर्जाच्या अ‍ॅपांना संपर्कयादी, कॉलच्या नोंदी आणि फायली पाहण्यापासून दूर राहायला सांगितले, आणि २०२३ मध्ये गूगलनेही आपल्या प्ले स्टोअरवर अशा अ‍ॅपांना संपर्क आणि छायाचित्रे पाहण्याची मनाई केली. या ठिकाणी उपयोगी पडला तो नियम. तो नियम पाळला जातो की नाही हे पाहायला मात्र पुन्हा पंचच लागतो, कारण अ‍ॅप स्वतःहून कबुली देत नाही.

ढाल सर्वांच्या हाती का पडत नाही, याला पैशाचेही कारण आहे. 'ग्राफीनओएस' ही मुक्तस्रोत कार्यप्रणाली एखाद्या अ‍ॅपला निवडक संपर्क दाखवण्याची किंवा रिकामी यादी दाखवण्याची सोय देते. पण ती गूगलच्या पिक्सेल फोनवरच चालते, आणि आपल्याकडे तो फोन मध्यमवर्गालाही सहज परवडत नाही. स्वस्त फोन घेणाऱ्याला कारखान्यातूनच भरून आलेली, काढून न टाकता येणारी अ‍ॅप मिळतात. शिवाय फोनची मूळ प्रणाली कुणी बदललीच, तर अनेक बँकांची अ‍ॅप त्या फोनवर उघडायलाच नकार देतात. म्हणजे फोन अधिक सुरक्षित करणाऱ्या ग्राहकाला संशयित ठरवायचे आणि तीन वर्षांत एकही सुरक्षा-दुरुस्ती न मिळालेला जुना फोन मुकाट स्वीकारायचा, असा हा उफराटा न्याय आहे. वाट देणारे हातही मोठ्या कंपन्यांचेच आहेत. गूगलच्या क्रोम ब्राउझरने विस्तारांच्या, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या साधनांच्या, जुन्या रचनेचा आधार २०२४ आणि २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने काढून घेतला, तेव्हा पूर्ण क्षमतेचे यूब्लॉक ओरिजिन तिथे चालेनासे झाले. फायरफॉक्सवर ते अजून चालते. जाहिरातींवर जगणारी कंपनीच जगातला सर्वांत जास्त वापरला जाणारा ब्राउझर बनवते, तेव्हा जाहिराती अडवणाऱ्याची सोय तिच्या मर्जीवर असणार यात नवल नाही.

मुक्तस्रोत साधनांवरचा सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे, आणि त्याला उडवून लावणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कोड खुला असला तरी तो वाचतो कोण? इंटरनेटवरच्या असंख्य सर्व्हरांचे कूटबंधन ज्या ओपनएसएसएलवर उभे होते, त्यातली 'हार्टब्लीड' ही चूक २०१४ च्या एप्रिलमध्ये उघड झाली, तोवर ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर दोन वर्षे पडून होती. २०२४ च्या मार्चमधले एक्सझेड या फायली आकुंचित करणाऱ्या साधनाचे प्रकरण त्याहून अस्वस्थ करणारे आहे. 'जिया टॅन' या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ गोड बोलून, उपयोगी दुरुस्त्या पाठवून त्या छोट्या प्रकल्पाच्या थकलेल्या एकट्या राखणदाराचा विश्वास कमावला आणि मग त्यात चोरदरवाजा बसवला. तो सापडला तो कुठल्या लेखापरीक्षणात नव्हे. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रावर लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे खटकले, आणि तो मागोवा घेत मुळापर्यंत गेला. खुलेपणाचे समर्थक हे उदाहरण आपल्या बाजूने सांगतात, विरोधक त्यांच्या. मला दोघांचेही अर्धे पटते. खटकलेल्या माणसाला मुळापर्यंत जाता आले, कारण वाट उघडी होती. पण त्याला ते खटकणे हा निव्वळ योगायोग होता, आणि योगायोगावर सार्वजनिक सुरक्षितता उभी करता येत नाही. यावरून मी काढतो तो निष्कर्ष असा की वाचण्याचे काम करणाऱ्या माणसांना वेळ आणि पगार मिळायला हवा. खुलेपणाने वाचणे शक्य होते, पण ते घडून येण्यासाठी कुणीतरी ते काम म्हणून करावे लागते.

दुसरी एक घटना मला अधिक बोलकी वाटते, कारण तिच्यात हल्लेखोर कुणी नव्हता. 'सिंपल मोबाइल टूल्स' या नावाने गॅलरी, दिनदर्शिका, संपर्क, फाइल हाताळणी अशी रोजच्या वापराची छोटी मुक्तस्रोत अ‍ॅप अनेक वर्षे मिळत होती. जाहिराती नाहीत, अनावश्यक परवानग्या नाहीत, म्हणून जाणते लोक ती घरातल्या ज्येष्ठांच्या फोनवर आवर्जून चढवून देत. २०२३ च्या अखेरीस मूळ विकासकाने हा सगळा संच अ‍ॅप विकत घेऊन त्यांतून पैसा काढणाऱ्या एका कंपनीला विकला. ज्यांनी विश्वासाने ती वापरली होती त्यांना कुंपणानेच शेत खाल्ल्यासारखे वाटले, आणि ज्यांनी फुकट श्रम करून दुरुस्त्या पाठवल्या होत्या त्यांचा राग तर समजण्यासारखाच होता. पण कोड जीपीएल या मुक्तस्रोत परवान्याखाली होता. त्या प्रकल्पात काम केलेल्यांनी शेवटची स्वच्छ आवृत्ती घेऊन नवा फाटा फोडला, त्याला 'फॉसिफाय' नाव दिले, आणि थोड्याच काळात तीच अ‍ॅप नव्या नावाने एफ-ड्रॉइड या मुक्तस्रोत भांडारावर उपलब्ध झाली. मुक्तस्रोत परवाना माणसाला प्रामाणिक ठेवू शकत नाही, कंपनीला तर नाहीच. मालक बदलला तरी वापरणाऱ्याला आपले सामान उचलून बाहेर पडण्याचा हक्क मात्र तो राखून ठेवतो. बंद कोडच्या अ‍ॅपमध्ये मालक बदलल्याचे आपल्याला बातमीतूनच कळते, कळलेच तर.

कोड उघडा ठेवला तर चोरांनाही वाट कळेल, ही भीती जुनी आहे आणि तिचे उत्तरही जुने आहे. कूटलेखनाचे अभ्यासक ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच लिहून ठेवले की कूटपद्धत शत्रूच्या हाती पडली तरी किल्ली गुप्त असेपर्यंत ती टिकली पाहिजे. सिग्नल हे संदेशाचे अ‍ॅप या तत्त्वावर चालते. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या न्याययंत्रणेने दोन फोन-क्रमांकांची माहिती मागितली, तेव्हा त्यांतल्या एकावर असलेले खाते कधी उघडले आणि शेवटचे कधी जोडले गेले, या दोन तारखांपलीकडे देण्यासारखे त्यांच्याकडे काहीच नव्हते. तरीही सिग्नलच्या सर्व्हरचा कोड २०२० च्या एप्रिलपासून जवळजवळ वर्षभर जाहीर भांडारात अद्ययावत झाला नाही आणि त्यावरून टीका झाली, ती योग्यच होती. पंचनाम्याची मर्यादा इथे दिसते. आपल्या फोनमधला कोड आपण तपासू शकतो, दूरच्या सर्व्हरवर खरोखर कोणता कोड चालतो ते बाहेरून पाहता येत नाही. म्हणून ज्या रचनेत सर्व्हरवर विश्वास ठेवण्याची वेळच कमीत कमी येते, ती रचना चांगली.

जाहिरातींविषयीही एक खुलासा हवा. मराठी वृत्तपत्रांची आणि साप्ताहिकांची संकेतस्थळे जाहिरातींवर चालतात. वर्गणी देऊन मराठी मजकूर वाचणारे फार थोडे आहेत, आणि सगळ्यांनी सरसकट जाहिराती अडवल्या तर आधीच ओढाताणीत असलेल्या संपादक-वार्ताहरांच्या पोटावर पाय येईल. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. पण दिवाळी अंकात सराफाची, पेढीची, मसाल्याची जाहिरात छापून येते तेव्हा ती वाचकाच्या घरापर्यंत त्याचा पाठलाग करत नाही. तसल्या जाहिरातीला कुणाची हरकत नाही, आणि अडवणारी साधनेही मुख्यतः माग काढणाऱ्या तिसऱ्या कंपन्यांच्या याद्यांवरच चालतात. एका बातमीबरोबर वाचकाची ओळख दहा कंपन्यांना पुरवण्याची पद्धत वृत्तपत्रांनी शोधून काढलेली नाही, आणि त्या व्यवहारातला मोठा वाटा त्यांच्या हातीही पडत नाही.

आता कायद्याकडे परत येऊ. नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरची बहुतेक बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे २०२७ च्या मे महिन्यात, लागू व्हायची आहेत. संमतीची सूचना मराठीसह आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत मिळण्याची सोय कायद्यात आहे, आणि ती मोलाची आहे. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. पण तक्रारदाराच्या जागी उभे राहून पाहिले की चित्र बदलते. माहिती जिची, तीच बाई तक्रार करू शकते. तिने आधी त्याच कंपनीच्या तक्रार निवारण यंत्रणेची वाट पाहायची, मग कायद्याने नेमलेल्या डेटा संरक्षण मंडळाकडे जायचे. तक्रार खोटी किंवा उथळ ठरली तर कलम १५ खालचे तिचे कर्तव्य मोडले म्हणून तिलाच १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ती जिंकली तर कंपनीने भरलेला दंड भारताच्या संचित निधीत जमा होतो, तिला त्यातला रुपयाही मिळत नाही; आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यातले भरपाईचे कलम ४३अ याच कायद्याने काढून टाकले जाणार आहे. इतके सोसून पुरावा गोळा करण्याचे कारण तिला काय? हे काम त्रयस्थाकडेच जाणार, आणि त्रयस्थाला या कायद्यात स्वतंत्र स्थान नाही. शंभर अ‍ॅप तपासून कुणी अभ्यासकाने अहवाल केला, तरी त्याची स्वतःची माहिती त्यात नसेल तर तो तक्रारदार ठरत नाही.

उलट त्याला धोका आहे. आपल्या फोनमधली वाहतूक आपण पाहिली तर कुणाची परवानगी लागण्याचे कारण नाही. पण एखाद्या सेवेचे सर्व्हरकडचे दार उघडे राहिले आहे का, हे चांगल्या हेतूने जरी तपासले, तरी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ खाली विनापरवाना प्रवेशाचा दावा होऊ शकतो, आणि हेतू अप्रामाणिक होता असा आरोप ठेवला की कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. हेतू कसा होता हे न्यायालयात यथावकाश ठरते, नोटीस मात्र त्याआधी घरी येते. सद्हेतूने केलेल्या तपासणीला स्पष्ट संरक्षण देणारी एक ओळ कायद्यात घालणे, आणि मंडळाने खुल्या साधनांनी केलेले, इतरांना पुन्हा करून पाहता येतील असे अहवाल स्वतःहून दखल घेण्याजोगे मानणे, या दोन गोष्टींना फारसा खर्च नाही.

सरकारी अ‍ॅपांच्या बाबतीत माझी मागणी याहून पुढची आहे. अनुदान, लाभ किंवा दाखला देण्यासाठी सरकार माहिती वापरते तेव्हा डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ७ मुळे संमतीची अट बरीच सैल होते, आणि कलम १७ खाली केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना कायद्यातून संपूर्ण वगळू शकते. जिथे संमती नाही आणि कायद्याचाही आधार पातळ आहे, तिथे निदान कोड तरी उघडा असावा. महाराष्ट्रात २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज 'नारीशक्ती दूत' या अ‍ॅपवरून भरले गेले, दोन कोटींहून अधिक बायकांचे आधार आणि बँकखात्यांचे तपशील या योजनेत जमा झाले, गावोगावी अंगणवाडी सेविकांनी इतर बायकांचे अर्ज भरले. त्या काळात पैसे कधी येणार आणि मते कुणाला जाणार याची चर्चा घरोघरी झाली. कागदपत्रांची छायाचित्रे कुठे साठतात आणि कुणाला दिसतात, हा प्रश्न मी क्वचितच ऐकला. आरोग्य सेतू २ एप्रिल २०२० रोजी आले आणि त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीचा कोड २६ मे रोजी, बऱ्याच टीकेनंतर, खुला झाला. त्या दिवशी सर्व्हरचा कोड त्यात नव्हता. जर्मनीचे करोना अ‍ॅप १६ जून २०२० रोजी लोकांच्या हाती पडले, त्याआधीच त्याचा कोड जाहीर होता. आपल्याकडे धोरण नाही असेही नाही. सरकारी अ‍ॅपांचा कोड खुला करण्याचे केंद्राचे धोरण २०१५ चे आहे. ते धोरण असतानाही २०२५ च्या नोव्हेंबरअखेर प्रत्येक नव्या फोनमध्ये दूरसंचार विभागाचे 'संचार साथी' आधीच भरलेले असावे असा आदेश निघाला, आणि विरोधानंतर आठवड्याच्या आत मागे घेतला गेला. विरोध झाला तो अ‍ॅप सक्तीचे आहे म्हणून. ते सक्तीचे नसते आणि त्याचा कोड मात्र कुणालाच पाहता आला नसता, तर आपण गप्प बसलो असतो अशी मला शंका आहे. याच सरकारने २०२३ च्या मे महिन्यात एलिमेंट आणि ब्रायर या मुक्तस्रोत संदेश-अ‍ॅपांवर दहशतवाद्यांच्या वापराचे कारण देऊन बंदी घातली. इंटरनेट बंद असताना ब्लूटूथवरही चालणाऱ्या ब्रायरचा उपयोग पुरात अडकलेल्या गावालाही होऊ शकतो, हा विचार त्यात कुठे दिसला नाही.

हे काम करायला माणसे हवीत, आणि ती शोधायला फार दूर जावे लागणार नाही. पुणे, सांगली, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत दरवर्षी हजारो मुले शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून हजेरीपट आणि ग्रंथालय-व्यवस्थापनाची तीच ती सॉफ्टवेअर बनवतात. त्यांतल्या एका तुकडीला राज्य सरकारची, महापालिकांची, वीज-पाणी बिलांची आणि मराठी पंचांगांची मिळून पन्नास अ‍ॅप द्यावीत. एक्झोडसने त्यांचा कोड तपासावा, रीथिंक किंवा ट्रॅकरकंट्रोलने आठवडाभर त्यांची वाहतूक नोंदवावी, आणि कोणत्या अ‍ॅपने कोणत्या परवानग्या मागितल्या, त्यांतल्या कोणत्या त्याच्या कामाला लागत नव्हत्या, रात्री ते कुणाशी बोलले, हे मराठीत लिहून काढावे. पद्धत आणि नोंदी दोन्ही खुल्या ठेवल्या तर पुढच्या वर्षीची तुकडी तेच पुन्हा मोजून पाहील आणि कोण सुधारले तेही सांगेल. पैशाचा प्रश्न निघालाच तर जर्मनीने २०२२ पासून सार्वजनिक निधीतून मुक्तस्रोत पायाभूत प्रकल्पांच्या देखभालीला पैसे द्यायला सुरुवात केली आहे. आपल्या राज्याने एका अ‍ॅपच्या जाहिरातीवर होणाऱ्या खर्चाचा छोटा हिस्सा इकडे वळवला तरी ही पहिली पन्नास अ‍ॅप तपासून होतील. २०२७ च्या मे महिन्यापर्यंत शैक्षणिक वर्षाचे एक चक्र तरी हाती आहे. कायद्यातले ते डॉक्टरांचे अ‍ॅप पहिल्या पन्नासांत घ्यावे, असे मी सुचवीन.